कचरा दिसला म्हणजे निम्मे काम झाले

प्रयोगशाळेत संध्याकाळी सहानंतर रेंगाळणारी मुले पाहिली की कुणाचा बोर्ड गप्प बसलाय आणि कुणाचा बरळतोय, हे मला लांबूनच कळते. गप्प बोर्डवाला स्क्रीनकडे एकटक बघत असतो. बरळणाऱ्या बोर्डवाला वैतागून सारखे रीसेटचे बटण दाबत असतो. शेवटी तो उठून येतो आणि म्हणतो, "सर, नुसता कचरा येतोय." मी म्हणतो, "अभिनंदन!" त्याला वाटते, मी थट्टा करतोय.

थट्टा नाही. कचरा येतोय म्हणजे बोर्डाला सप्लाय मिळतोय, प्रोसेसर जागा आहे, आतला प्रोग्रॅम अक्षरे पाठवण्यापर्यंत पोचला आहे, तार बहुतेक योग्य पिनेला लागली आहे आणि संगणकाने बरोबर तेच पोर्ट उघडले आहे. संशयितांची अर्धी रांग इथेच घरी जाते. गप्प बोर्डाच्या बाबतीत यातले काहीच ठाऊक नसते. म्हणून सिरीयल पोर्टच्या या विषयात नव्याने येणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगतो ती ही: गप्प बसणे आणि बरळणे हे दोन निराळे जबाब आहेत, आणि जबाब नीट वाचायचा असतो, पुसायचा नसतो. रीसेटचे बटण म्हणजे जबाब पुसणे.

सिरीयल पोर्ट शिकायला सोपे आणि बिघडले की माणसाला वेड लावणारे, असे का, याचे उत्तर त्याच्या रचनेतच आहे. आय-टू-सी किंवा एसपीआय या बोर्डावरच्या इतर बोलण्याच्या पद्धतींमध्ये माहितीच्या तारेबरोबर घड्याळाची एक वेगळी तार असते. तिच्या ठोक्यावर ऐकणारा माहिती उचलतो. आपल्या पोर्टात ती तार नाही. पाठवायची एक, घ्यायची एक आणि ग्राउंड, एवढाच संसार. बोलणारा आणि ऐकणारा आपापल्या घड्याळावर चालतात आणि आधी ठरलेल्या करारावर विसंबतात. करारात कलमे थोडी: वेग किती, एका अक्षरात बिट किती, पॅरिटी आहे की नाही, शेवटी किती थांबायचे, आणि तारेवर किती व्होल्ट म्हणजे 'एक'. हा करार तारेवरून कधी जात नाही. तो दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असतो, आणि दोघांनी तोच लिहिला आहे, असे दोघांनी गृहीत धरलेले असते. या पोर्टाचे बहुतेक आजार इथेच जन्मतात.

एक अक्षर तारेवरून जाताना जवळून पाहू. वेग ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. बोर्डावरची तार रिकामी असताना वर, म्हणजे ३.३ किंवा ५ व्होल्टवर असते. बोलणारा तिला खाली खेचतो. हा स्टार्ट बिट. ऐकणाऱ्याचे घड्याळ त्या क्षणी सुरू होते. प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. ऐकणारा दीड बिट थांबतो, म्हणजे पहिल्या बिटच्या बरोबर मध्यावर येतो, तिथे डोकावतो, आणि मग दर १०४ मायक्रोसेकंदांनी आठ वेळा डोकावून आठ बिट उचलतो. नवव्यांदा तार वर सापडली पाहिजे; तो स्टॉप बिट. मग तो सगळे विसरतो आणि पुढच्या स्टार्ट बिटची वाट बघतो. प्रत्येक अक्षराला घड्याळ नव्याने जुळवायचे, हीच यातली खुबी. दोन घड्याळांतला फरक साठत जात नाही, एका अक्षरापुरताच राहतो. स्टॉप बिटच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिट होतात, आणि तेवढ्या वेळात अर्ध्या बिटची घसरण झाली की डोकावणे शेजारच्या घरात होते. साडेनऊत अर्धा, म्हणजे पाच टक्क्यांच्या थोडे वर. दोन्ही बाजूंचा दोष मिळून तेवढा. शहाणा माणूस आपल्या बाजूने दोन टक्क्यांपुढे जात नाही.

'बॉड' हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याचे. त्याने १८७४ मध्ये पाच बिटांच्या संकेताचे पेटंट घेतले. आपल्याकडे 'तार' या शब्दाला दोन अर्थ होते, एक वायर आणि दुसरा दारात आलेल्या पोस्टमनच्या हातातला तो धडकी भरवणारा कागद. दुसरा अर्थ जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाल्यावर इतिहासजमा झाला, पण सिरीयल पोर्टमध्ये तारयंत्राचा आत्मा अजून आहे. १९६३ च्या टेलेटाइप मॉडेल ३३ या टंकयंत्राचा वेग ११० बॉड, म्हणजे सेकंदाला दहा अक्षरे. एका अक्षराला अकरा बिट, कारण शेवटी दोन स्टॉप बिट. ते का, तर आतल्या दांड्या-चाकांना थांबून परत जागेवर यायला उसंत हवी म्हणून. आज चाके नाहीत, दांड्या नाहीत, तरी प्रत्येक अक्षरामागे आपण ती उसंत देतोच. लिनक्समध्ये पोर्टाच्या नावात 'टीटीवाय' ही अक्षरे येतात, ती त्याच टेलेटाइपची.

इतके जुने असूनही हे पोर्ट टिकले, कारण बोर्डावर ते सर्वांत आधी जागे होते. स्क्रीन नाही, नेटवर्क नाही, मेमरीची पुरती मांडणीही झालेली नाही, अशा वेळी बूटलोडरला दोन शब्द बोलता येतात ते इथूनच. घरातला इंटरनेटचा राउटर उघडून पाहा. बहुतेकदा कोपऱ्यात एका रांगेत तीन-चार रिकामी भोके दिसतील. बनवणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेले ते दार.

आता गप्प बोर्डाकडे. इथे माझे पहिले हत्यार मल्टिमीटर, स्कोप (ऑसिलोस्कोप) नंतर. बोर्डाच्या टीएक्स, म्हणजे पाठवायच्या, पिनेवर काही पाठवणे चालू नसताना ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य दिसले तर पिन युआर्टच्या, म्हणजे सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या सर्किटच्या, कामाला लावलेलीच नाही, किंवा तुम्ही शेजारच्याच पिनेवर बसला आहात. उणे पाच-सहा व्होल्ट दिसले तर हात मागे घ्या. ते आरएस-२३२ चे पोर्ट आहे, १९६० मध्ये ठरलेल्या प्रमाणाचे. तिथे 'एक' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि 'शून्य' म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. बोर्डावरच्या चिपपेक्षा हिशेब उलटा आणि व्होल्ट कितीतरी जास्त. मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप न घालता ही तार थेट ३.३ व्होल्टच्या पिनेला लावली की बोर्ड कायमचा गप्प बसतो.

टीएक्स टीएक्सला की टीएक्स आरएक्सला? बोलणाऱ्याचे तोंड ऐकणाऱ्याच्या कानाला, म्हणजे टीएक्स आरएक्सला. हे पाठ असते. गोंधळ पुढे होतो. काही बोर्डांवर पिनेशेजारी छापलेले 'टीएक्स' बोर्डाचे असते, काहींवर 'संगणकाचा टीएक्स इथे जोडा' या अर्थाने असते. छापणारा समोर नसतो. व्होल्टचा मेळ पाहून घ्यावा आणि दोन तारा अदलून बघाव्यात. लॉजिक पातळीवर बहुधा काही बिघडत नाही, आणि या विषयातली कितीतरी कोडी तेवढ्यानेच सुटलेली मी पाहिली आहेत. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मीही अजून करतो.

ग्राउंडची गोष्ट मात्र लाज वाटण्याजोगी आहे, आणि ती माझीच. एक बोर्ड माझ्या टेबलावर उत्तम चाले आणि खिडकीजवळ नेला की मुका होई. मी दोन दिवस केबलची लांबी, उष्णता, उन्हाचा प्रकाश असल्या भुतांमागे धावलो. खिडकीजवळ प्लग नव्हता, म्हणून तिथे लॅपटॉप बॅटरीवर असे. टेबलावर चार्जर लावलेला असे. ग्राउंडची तार मी जोडलीच नव्हती. चार्जर आणि बोर्डाचा सप्लाय भिंतीतल्या अर्थिंगमधून एकमेकांना भेटत होते, आणि त्या आडवळणी ग्राउंडवर माझे पोर्ट चालत होते. तेव्हापासून मी पहिली तार ग्राउंडची लावतो, आणि ती काळीच घेतो.

ग्राउंडच्या गोष्टीच्या उलट चमत्कार म्हणजे चोरटा सप्लाय. बोर्डाचा सप्लाय काढला तरी त्याचा एलईडी मंद तेवत राहतो. यूएसबी अडॅप्टरचा टीएक्स रिकामा असताना वर असतो, आणि त्याची वीज बोर्डाच्या आरएक्स पिनेतून, आतल्या संरक्षक डायोडमार्गे चिपला मिळत राहते. चिप धड मेलेली नसते, धड जिवंत नसते. अशा वेळी सप्लाय बंद-चालू केल्याने तिचा रीसेट होत नाही, आणि तुम्ही मात्र 'रीसेट केला' असे वहीत लिहून मोकळे होता. जम्पर वायरींविषयी एकच वाक्य: पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणा नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, जुडीत एखादी बाहेरून धड आणि आतून तुटलेली निघते, म्हणून आधी मल्टिमीटरची बीप ऐकावी.

आता कचऱ्याकडे, आणि इथे जरा रेंगाळू, कारण खरी मौज इथे आहे. कचऱ्यालाही व्याकरण असते.

पहिली कसोटी अशी: बोर्डाला तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवायला लावा. दर वेळी तेच चुकीचे चिन्ह आले तर घड्याळे स्थिर आहेत, करार मात्र वेगळा आहे. दर वेळी वेगळे आले तर घड्याळ काठावर आहे, किंवा ग्राउंड नाही, किंवा आरएक्स हवेत लोंबकळतोय. हवेतल्या तारेला बोट लावून पाहा; कचरा वाढला तर तो बोर्डाचा नाहीच, भिंतीतल्या विजेची गुणगुण आहे. मी त्या मुलाला 'अभिनंदन' म्हणतो तेव्हा हा एक अपवाद मनात धरून म्हणतो, आणि म्हणून बोट लावून बघायला सांगतो.

पाठवायचे अक्षर निवडावे इंग्रजी मोठा 'यू'. त्याचा संकेत हेक्झाडेसिमलमध्ये ५५, म्हणजे शून्य-एक-शून्य-एक अशी आळीपाळी. सिरीयलमध्ये शेवटचा बिट आधी जातो, पुढे स्टार्टचा शून्य आणि मागे स्टॉपचा एक लागतो, त्यामुळे तारेवर 'यू' ची माळ म्हणजे स्कोपवर नीटस चौकोनी लाट दिसते. तिच्या एका बिटची रुंदी मोजली की बोर्ड खरोखर किती वेगाने बोलतोय हे कळते. कागदपत्रांत काय लिहिलेय, त्याची गरज उरत नाही.

वेगाच्या कराराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ईएसपी८२६६ चे. वायफायच्या या चिपचा छोटा बोर्ड चालू केला की आधी चार-दोन ओळी कचरा, मग व्यवस्थित मजकूर. पुष्कळ जण तो कचरा 'असतोच' म्हणून सोडून देतात. चिपच्या आतला कायमचा प्रोग्रॅम ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल धरून ११५२०० बॉडचा हिशेब करतो. बोर्डावर क्रिस्टल असतो २६ चा. ११५२०० ला २६ ने गुणा, ४० ने भागा, उत्तर ७४८८०. टर्मिनल ७४८८० वर ठेवा, कचऱ्याच्या जागी वाचता येणाऱ्या ओळी येतात आणि त्यांत बोर्ड कशामुळे रीसेट झाला, हेच लिहिलेले असते. सहा महिने ज्याला कचरा म्हणून हिणवले, त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर होते!

घड्याळ काठावर असण्याचेही असेच. आर्डुइनो उनोवर १६ मेगाहर्ट्झचा ठोका आहे. त्यातून ९६०० बॉड जवळजवळ अचूक निघतो, पण ११५२०० काढायला गेले तर पूर्ण भाग जात नाही. दुप्पट वेगाची सोय वापरूनही सुमारे २.१ टक्के फरक राहतो. चालते, पण समोरचाही तेवढाच विरुद्ध दिशेने चुकला तर अधूनमधून एखादे अक्षर निसटते. क्रिस्टलविना, चिपच्या आतल्या ऑसिलेटरवर काम भागवले तर उनोवरच्या ॲटमेगा३२८ या चिपमध्ये कारखान्यातून निघताना १० टक्क्यांपर्यंत चूक चालून जाते, असे बनवणारेच सांगतात. पाच टक्क्यांचा हिशेब वर झालाच आहे. रास्पबेरी पाय ३ वर २०१६ मध्ये आणखी गंमत झाली: चांगले युआर्ट ब्लूटूथला दिले गेले आणि पिनांवर आले ते धाकटे युआर्ट, ज्याचा वेग प्रोसेसरच्या गाभ्याच्या घड्याळावर ठरतो. ते घड्याळ कामाच्या भाराप्रमाणे बदलले की बॉडही बदलतो. मांडणीच्या फाइलमध्ये युआर्ट चालू करणारी ओळ लिहिली की ते घड्याळ स्थिर राहते.

पण मला सर्वांत आवडणारे प्रकरण वेगाचे नाही, पॅरिटीचे आहे. एका दूध संकलन केंद्रावर वजनकाट्याचे आकडे आमच्या बोर्डाने वाचायचे होते. तिथले सचिव सांगू लागले, "काटा लहरी आहे. काही शेतकऱ्यांचं वजन बरोबर येतं, काहींचं नाही." ३६.५० किलो बरोबर येई. ४१.२० आले की स्क्रीनवर काहीतरी भलतेच. मी काट्यासमोर बसून वजने वाढवत आकडे वहीत लिहिले. ०, ३, ५, ६, ९ नेहमी बरोबर. १, २, ४, ७, ८ नेहमी चूक. आणि चूकही कशी, तर १ च्या जागी अधिक-उण्याचे चिन्ह, २ च्या जागी वर्गाचा तो वर चढून बसलेला बारका २!

दहा आकडे, बरोबर पाच आणि चूक पाच. हे लहरीपणाचे लक्षण नव्हे. काटा सात बिट आणि सम पॅरिटीने बोलत होता, आमचा बोर्ड आठ बिट, बिनपॅरिटी ऐकत होता. एकूण लांबी दोन्हीकडे दहा बिटच, त्यामुळे अक्षरे तुटत नव्हती. ज्या आकड्याच्या संकेतात एकांची संख्या सम, त्याचा पॅरिटी बिट शून्य, म्हणून तो धड दिसे. जिथे विषम, तिथे पॅरिटीचा एक आठवा बिट म्हणून मोजला जाई आणि आकडा १२८ ने पुढे सरके. प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. सचिवांना यातले फारसे पटले नसावे. मी काटा 'झटकून' दिला, असे त्यांनी पुढच्या माणसाला सांगितल्याचे कानावर आले.

मराठी लिहिणाऱ्यांना हेच दुखणे दुसऱ्या रूपात भेटते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. 'नमस्कार' म्हणजे हलन्त आणि काना धरून सात चिन्हे, एकवीस बाइट; ९६०० बॉडवर सुमारे २२ मिलिसेकंद. या तिन्ही बाइटांचा आठवा बिट 'एक' असतो. मध्ये कुठेतरी सात बिटांचा करार असला की तो बिट छाटला जातो आणि 'नमस्कार' ऐवजी उलट्या अवतरणचिन्हांची आणि डॉलरांची रांग लागते, मधून एखादे टक्क्याचे चिन्ह. डॉलर दिसले की देवनागरी आहे आणि कुणीतरी आठवा बिट खातोय, हे मी आता न बघता सांगतो.

उरला तो एकतर्फी संवाद: बोर्डाचे सगळे दिसते, आपण टाइप केलेले मात्र त्याला पोचत नाही. नवखा माणूस टीएक्सची तार पुन्हा पुन्हा तपासतो. लिनक्सवर मिनीकॉम वापरत असाल तर तार सोडा. त्याच्या सिरीयल पोर्टच्या मांडणीत हार्डवेअर फ्लो कंट्रोल बहुधा 'हो' असते. म्हणजे समोरच्याने वेगळ्या तारेवरून 'बोल' म्हटल्याशिवाय मिनीकॉम तोंड उघडणार नाही, आणि आपल्या तीन तारांत ती तार नाहीच. तिथे 'नाही' करा. एवढेच.

अभ्यासाची शिस्त म्हणाल तर माझ्याकडे फारसे शास्त्र नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. घाईत वेग, केबल आणि टर्मिनल एकदम बदलून पोर्ट चालू झाले, तर ते कशाने चालू झाले हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी तोच दोष दारात उभा असतो. या विषयाचे बहुतेक साहित्य चिपच्या डेटाशीटांत, इंग्रजीत आणि रूक्ष भाषेत आहे. पण त्यांतले वेळेचे आलेख कुठल्याच भाषेत नसतात. ते वाचायला शिकलात की बाकीच्या मजकुराचे भय जाते. आरएस-४८५, मॉडबस, जीएसएम मोड्यूलच्या एटी आज्ञा ही पुढची दालने. तिथेही करार हाच, कलमे जास्त.

पुढे जाण्यापूर्वी एक जम्पर वायर घ्या. बोर्ड बाजूला ठेवा. यूएसबी अडॅप्टरचा टीएक्स त्याच्याच आरएक्सला जोडा, टर्मिनल उघडा आणि 'यू' दाबा. अक्षर परत आले तर संगणक, ड्रायव्हर, अडॅप्टर सगळे निर्दोष. मग वायर काढा आणि पुन्हा 'यू' दाबा. आता काही दिसता कामा नये. तरीही अक्षर उमटले तर ते तारेवरून आलेलेच नाही. तुमच्या टर्मिनलमध्ये लोकल एको चालू आहे, आणि मघाची चाचणीही पुन्हा करावी लागेल.